उद्योजकांचा शाश्वततेकडे बघण्याचा दृष्टिकोन खरंच बदलतोय का?

तुम्ही विचारलंय की गेल्या दहा-पंधरा वर्षांत कंपन्या चालवणाऱ्यांचं मन पर्यावरणाच्या बाबतीत खरंच बदललं आहे, की हा सगळा अहवालापुरता देखावा आहे. आणि यातलं काही लहान कारखान्यांपर्यंत पोचतं का. प्रश्नाचा दुसरा भाग वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघते. नोकरीला लागले तेव्हा क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी भट्टी होती, आता विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आहे. मोठ्या कंपन्या गुळगुळीत कागदावर जे हिरवे अहवाल छापतात, त्यातले काही आकडे आमच्यासारख्या पुरवठादारांकडून वर जातात. आमच्या कारखान्यातले माझ्या टेबलावरून जातात.

सरळ सांगते, मन फारसं बदललेलं नाही. विचारणारा बदललाय. पूर्वी प्रदूषण मंडळ विचारायचं. कन्सेंटचा, म्हणजे कारखाना चालवायच्या परवानगीचा कागद, चिमणी, पाण्याचा हिशेब एवढं दाखवलं की काम संपायचं. आता गिऱ्हाईक विचारतं, कर्ज देताना बँक विचारते, आणि गिऱ्हाइकाचं युरोपातलं गिऱ्हाईक विचारतं. मंडळाकडून तारीख वाढवून मागता येते. गिऱ्हाईक तारीख वाढवून देत नाही, ऑर्डर कोल्हापूरच्या फाउंड्रीकडे वळवतं.

वरच्या मजल्यावर काय झालं ते तुम्हाला अभ्यासात असेलच, तरी माझ्या बाजूने कसं दिसतं ते सांगते. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिलं की धंद्याने नियम पाळून नफा वाढवावा, तीच त्याची सामाजिक जबाबदारी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या १८१ कंपनीप्रमुखांनी सह्या करून सांगितलं की कंपनी ही गिऱ्हाईक, कामगार, पुरवठादार, आजूबाजूचा समाज आणि भागधारक या सगळ्यांची. २०२० मध्ये ब्लॅकरॉक या मोठ्या गुंतवणूक कंपनीचे प्रमुख लॅरी फिंक यांनी पत्र लिहिलं की हवामानाचा धोका म्हणजे गुंतवणुकीचा धोका. २०२३ मध्ये तेच म्हणाले की ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) हा शब्द आता मी वापरणार नाही, त्याचं राजकारण झालंय. आणि २०२५ च्या जानेवारीत त्यांची कंपनी नेट झिरोवाल्या, म्हणजे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू म्हणणाऱ्या, गुंतवणूकदारांच्या गटातून बाहेर पडली. माणसाचं मन पाच वर्षांत एवढं फिरत नाही हो. वारा फिरतो.

आपल्याकडे २०१२ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, वरच्या १०० कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. मग २०२१ मध्ये बीआरएसआर (जबाबदारी आणि शाश्वततेचा नवा अहवाल) आलं आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना ते बंधनकारक झालं. २०२३ मध्ये त्याची कोअर, म्हणजे मोजक्या महत्त्वाच्या आकड्यांची, आवृत्ती आली. तीत असं होतं की पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या मोठ्या पुरवठादारांचेही आकडे द्यायचे. आमच्याकडे गिऱ्हाइकाकडून हे आकडे भरायचं शीट येऊ लागलं ते तेव्हापासून. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये सेबीने पुरवठादारांचा हा भाग वर्षभर पुढे ढकलून ऐच्छिक केला. ती बातमी वाचून आमचे अण्णा, म्हणजे मोठे मालक, सकाळी केबिनमध्ये शिरायच्या आधी माझ्या टेबलापाशी थांबले. म्हणाले, "बाई, मग आता ते शीट भरायचं न्हाई न्हवं?"

दृष्टिकोन किती बदलला हे तुम्हाला मोजायचं असेल तर या वाक्यावरून मोजा.

शीट मात्र थांबलं नाही, कारण गिऱ्हाइकाचा माल युरोपात जातो. युरोपच्या कार्बन करासाठी लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालाचे आकडे ऑक्टोबर २०२३ पासून द्यावे लागत होते, आणि २०२६ च्या जानेवारीपासून प्रत्यक्ष कराचा हिशेब लागू झाला. आमचं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, आज त्या यादीत बसो न बसो, उद्या यादी वाढेल या धाकाने गिऱ्हाईक आजच विचारून ठेवतं.

आता माझी गोष्ट सांगते. जरा लांबेल.

मी एक वही ठेवते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं बिल दर महिन्याला माझ्याच हातात येतं आणि ते बघून माझ्या पोटात गोळा यायचा म्हणून. रोज किती हीट (भट्टीच्या खेपा) निघाल्या, किती टन वितळलं, भट्टीच्या मीटरवर किती युनिट पडले, किती माल गेला, किती परत आला. बिल कन्नडमध्ये, वही मराठीत, शीट इंग्रजीत. ते सगळं जुळवायचं काम माझं. वहीत दोन गोष्टी कुणालाही दिसल्या असत्या. सोमवारी पहिल्या हीटला युनिट जास्त, कारण रविवारी भट्टी थंड पडलेली असते. आणि ज्या दिवशी मोल्ड (साचे) वेळेवर तयार नसतात त्या दिवशी टनामागे युनिट उड्या मारतात, कारण रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, भट्टीत तसाच धरून ठेवावा लागतो. लोखंड वितळवून दीड हजार अंशांच्या जवळ न्यायला तत्त्वतः टनामागे चारशेच्या आसपास युनिट पुरतात. आमच्याकडे सहाशे लागत होते. वरचे दोनशे जातात भट्टीची कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्यात, ताटकळण्यात आणि उघड्या तोंडातून वर.

उघडं तोंड म्हणजे झाकण नसलेलं. झाकण होतं की! कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. एकदा मी मेस्त्रीला विचारलं, झाकण का नाही घालत? तो बैलहोंगलकडचा, आमच्याशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो. म्हणाला, "अक्का, हात कोण लावणार त्याला? सळई तापतीया, दोघं लागतात. तेवढ्यात सॅम्पल घ्यायला परत उघडायचं." बरोबरच होतं त्याचं. दर हीटला दोन माणसांनी तापलेल्या सळईने जड झाकण उचलायचं आणि ठेवायचं, ते कोण करेल? पण बाजूला खांब रोवून त्यावर फिरता हात बसवला आणि मागे वजन दिलं, की एक माणूस हातमोज्याने ढकलू शकतो. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने अंदाजे खर्च सांगितला, तो दोन महिन्यांत सुटेल असा होता. मी कागदावर मांडून अण्णांच्या पुतण्याकडे, म्हणजे धाकट्या मालकांकडे, नेलं. एमबीए करून नुकतेच आले होते, प्रॉडक्शन तेच बघायचे. त्यांनी कागद उलटासुद्धा केला नाही. "मॅडम, तुम्ही अकाउंट्स बघा."

मी अकाउंट्सच बघत होते हो. वीज हा खर्चच आहे ना?

ते तिथेच राहिलं. मग २०२३ मध्ये शीट आलं. अण्णा म्हणाले, "काय विचारालेत ते लिहून सोडा की." धाकट्या मालकांनी मात्र पुण्याहून सल्लागार आणला. तो दोन दिवस फिरला, माझी वही मागून घेतली, फोटो काढले. त्याच्या अहवालात पहिल्याच पानावर होतं: भट्टीला फिरत्या हाताचं झाकण बसवावं. बसवलं. युनिट उतरले. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाच्या पुण्यातल्या व्हेंडर मीटमध्ये धाकट्या मालकांनी 'आमचा हरित प्रवास' म्हणून सादरीकरण केलं आणि ढाल घेऊन आले. ती रिसेप्शनवर ठेवलीय, रोज येताना दिसते. सादरीकरणात मेस्त्रीचं नाव नव्हतं, माझं तर नव्हतंच. भट्टीचा जो फोटो घातलाय त्यात झाकण उघडं आहे, हे त्या हॉलमध्ये एकाच्याही लक्षात आलं नाही.

पण आमचं खरं भांडण झाकणावरून नाही, भागाकारावरून आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्या मते तिथेच आहे, म्हणून नीट वाचा.

समजायला सोपे आकडे घेते. महिन्याला भट्टीच्या मीटरवर ९०,००० युनिट, वितळवलेलं लोखंड १५० टन. भागा: टनामागे ६००. धाकटे मालक हाच आकडा शीटमध्ये घालतात. आता पूर्ण बिल घ्या, म्हणजे त्यात कॉम्प्रेसर, वाळूचा प्लांट, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून साफसफाई), दिवे, सगळं आलं: १,२०,००० युनिट. आणि १५० टन वितळवलं तरी तेवढा माल कुठे जातो? रनर-रायझर, म्हणजे रस ओतायच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, कापून निघतात, काही मोल्डमध्येच फसतं, काही फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करताना, बाद होतं, काही गिऱ्हाईक परत पाठवतं. गिऱ्हाइकाने ठेवून घेतलेला माल धरा ८५ टन. आता भागा: टनामागे १,४०० च्या वर. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२२-२३ साठी देशाच्या विजेचा कार्बन आकडा युनिटमागे ०.७१६ किलो धरलाय. त्याने गुणा. धाकट्या मालकांच्या हिशेबाने टनाला ४३० किलो कार्बन डायऑक्साइड, माझ्या हिशेबाने टनाला एक टन. कारखाना तोच, महिना तोच, बिलही तेच.

ते म्हणतात, सगळे वितळलेल्या टनानेच भागतात. मी म्हणते, शीटमध्ये प्रश्न काय आहे ते वाचा. पाठवलेल्या मालाच्या टनामागे किती, असं विचारलंय.

यात आणखी एक गंमत आहे. आमच्याकडे हायड्रॉलिक्सच्या व्हॉल्व्ह बॉडी होतात. बाहेरून कास्टिंग चकाचक दिसतं, शॉट ब्लास्टमधून आल्यावर तर फारच. गिऱ्हाइकाच्या मशीनवर तिसरं-चौथं बोअर (भोक) मारताना आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, उघडतं, टाचणीच्या डोक्याएवढं. तेवढ्याने सगळा नग बाद. तोवर आमची वीज, त्याची मशीनिंगची वीज, जाण्यायेण्याचं डिझेल, सगळं खर्च झालेलं. तो नग परत येतो, भट्टीत जातो, आणि शीटमध्ये कुठे चढतो माहितीय? 'पुनर्वापर केलेला कच्चा माल' या रकान्यात! म्हणजे रिजेक्शन जितकं जास्त तितके आम्ही हिरवे. मी एकदा शांतपणे विचारलं, हे बरोबर आहे का. उत्तर आलं, "कन्सल्टंटने चालतं म्हटलंय." माझ्या मते फाउंड्रीत पर्यावरणाचं सगळ्यात मोठं काम रिजेक्शन कमी करणं हेच आहे. सोलर पॅनेल नंतर. पण ब्लोहोल कमी झाले म्हणून कुणी ढाल देत नाही.

मोठ्या कंपन्यांतही हेच चालतं, फक्त आकडे मोठे. अहवालात लिहितात, उलाढालीच्या रुपयामागे उत्सर्जन इतकं घटलं. मालाचे भाव वाढले की उलाढाल वाढते, धूर आहे तेवढाच राहतो आणि भागाकार खाली येतो. बीआरएसआर कोअरमध्ये नुसत्या रुपयाऐवजी उत्पादनाच्या प्रमाणातही आकडा मागितलाय, ते म्हणूनच मला पटलं. ज्याने लिहिलं त्याने कधीतरी बिल भरलेलं असणार.

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. अण्णांनी शाश्वतता हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल. पण लॅडलमधून, म्हणजे रस वाहून न्यायच्या भांड्यातून, सांडलेला रस थंड झाला की त्याचे तुकडे ते आजही स्वतः वेचून स्क्रॅपच्या ढिगात टाकतात, आणि दुपारी दिवा चालू दिसला तर सुपरवायझरची खैर नसते. कामगाराच्या घरी लग्न असलं की पाकीट, गणेश मंडळाला देणगी, शाळेला बाक. त्यांच्या पिढीची जबाबदारीची कल्पना माणसापुरती होती, हवेपर्यंत पोचली नाही. क्युपोलाचा धूर सगळ्या भागावर पसरायचा तेव्हा अण्णांना त्यात धंदा चालू असल्याची खूण दिसायची. क्युपोला गेला तोही पर्यावरणासाठी गेला नाही. कोकचे भाव चढले आणि एसजी आयर्न या जास्त चिवट लोखंडाच्या ऑर्डरी आल्या, त्यांना केमिस्ट्री अचूक लागते. धूर कमी झाला हा फुकटचा फायदा. आता तोच बदल धाकट्या मालकांच्या सादरीकरणात 'स्वच्छ तंत्रज्ञानाकडे वाटचाल' म्हणून येतो.

पुढच्या पिढीचं उलटं आहे. हवा, कार्बन, पाणी तोंडपाठ, माणूस रकान्यात बसला तर बसला. आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात घालायचे वाळूचे ठोकळे बनवायच्या विभागात, बायका काम करतात, त्या ठेकेदाराच्या मस्टरवर. शीटमध्ये महिला कामगार किती असं विचारलं होतं, आणि कायम किती व इतर किती असं वेगळं विचारलं होतं. पहिल्या वर्षी धाकट्या मालकांनी कायममध्ये मला एकटीला मोजलं आणि इतरमध्ये शून्य. त्या रोज वाळूच्या धुळीत बसतात, सिलिकाने फुप्फुसाचं काय होतं हे फाउंड्रीत नव्याने सांगायला नको, आणि कागदावर त्या नाहीतच. मी तो रकाना दुरुस्त केला आणि त्यांच्या मास्कच्या खर्चाचं व्हाउचर सोबत लावलं. तेव्हापासून मास्क निदान वेळेवर येतात.

साखरेचं विचाराल तर माझं माहेर निपाणीकडे, भाऊ ऊस लावतो. कारखान्यांचे अहवाल बघा: बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) वीज, इथेनॉल, सगळं हिरवंगार, आणि खोटंही नाही. पण उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं हा नियम १९६६ पासूनचा आहे, आणि भावाने एका हंगामात त्याची वाट कुठवर पाहिली ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकरीच टिकला नाही तर बगॅस कुठून आणणार?

तीच गत आमच्या गिऱ्हाइकाची. कार्बन कमी करा, दरवर्षी भावही कमी करा, आणि पैसे मात्र आम्ही सवडीने देऊ. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत हा कायदा २००६ चा. बीआरएसआर कोअरमध्ये पुरवठादारांची देणी कंपनी सरासरी किती दिवसांनी फेडते हेही छापावं लागतं. कुठल्याही कंपनीचा अहवाल हाती आला की झाडांचे फोटो ओलांडून मी आधी तो आकडा शोधते. तुम्हीही शोधा. संचालकाच्या मनात काय आहे ते चेअरमनच्या पत्रापेक्षा तिथे लवकर कळतं.

प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर एमडींची मुलाखत घेऊ नका, ते पाठ केलेलं बोलतील. हिशेबनिसाकडे जा, स्टोअरकीपरकडे जा, भट्टीवरच्या माणसाकडे जा. तीन वर्षांची वीजबिलं आणि तीन वर्षांचा पाठवलेला माल मागा आणि स्वतः भागा. आलेला आकडा अहवालातल्या आकड्याशी जुळला तर त्या माणसाचा दृष्टिकोन बदललाय असं खुशाल लिहा. आणि सुधारणा कुणी सुचवली हेही विचारा. ज्या कारखान्यात हिशेब बघणाऱ्या बाईला "तुम्ही अकाउंट्स बघा" म्हणतात तिथे झाकण बसायला गिऱ्हाइकाच्या शीटची वाट बघावी लागते. हे मी कुठल्या एका कारखान्याबद्दल लिहीत नाही, असं समजा.

मी बघितलेत ते जॉबिंग, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरप्रमाणे माल ओतणारे, फाउंड्रीवाले, बहुतेक उद्यमबाग आणि मच्छेतले. मोठ्या कंपन्यांच्या बोर्डरूममध्ये मी पाय ठेवलेला नाही, तिथे एखाद्याचं खरंच मनापासून बदललं असेल. धाकट्या मालकांनीही नंतर छपरावर सोलर घातलं, कर्ज काढून घातलं, आणि त्याचे युनिट बिलात कमी झालेले मला दिसतात; ते नाकारत नाही. वितळलेल्या टनाने भागणं हेही चूक नाही, भट्टी किती कार्यक्षम आहे ते बघायला तसंच भागतात. फक्त तो आकडा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून खपवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

यंदाच्या शीटमध्ये मी दोन्ही आकडे लिहिलेत आणि प्रत्येकाखाली कशाने भागलं तेही लिहिलंय. ते अजून धाकट्या मालकांच्या सहीसाठी पडून आहे, आणि गिऱ्हाइकाची आठवण करून देणारी मेल दोनदा येऊन गेली.